शाकारणी कोणी करायची?

कोकणात मे महिना लागला की घराघरांतून एकच विचारणा ऐकू येते, "शाकारणी झाली का?" कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेला वासा बदलायचा, रिपा ठोकायच्या आणि पुन्हा कौलं चढवायची. मृगाच्या आत हे झालं नाही तर पावसाळाभर घरात टोपं-पातेली मांडून बसायचं. स्वतःच्या घरात हे काम कोणाचं, असा प्रश्न पडत नाही. भाड्याच्या घरात मात्र तो पडतो. हा प्रश्न फार जुना आहे, आणि आपल्या मुस्लिम समाजाच्या इतिहासाशी त्याचा जवळचा संबंध आहे. तो माझ्यापुढे कसा आला, ते आधी सांगते.

२०२३ च्या सुरुवातीला चिपळूणमधलं एक जुनं घर आमच्याकडे विकायला आलं. जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर माडी, मंगलोरी कौलं. २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचं पाणी या घराच्या तळमजल्यात छतापासून हातभर अंतरापर्यंत आलं होतं. भिंतीवरची ती मळकट रेघ अजून तशीच होती. गिलावा सुटलेला, दारांच्या चौकटी फुगलेल्या, एका तुळईला वाळवी. मालकाची मुलं आखातात. त्यांना ते घर नको होतं. तेरा लाख सांगितले. मी आणि माझे मिस्टर दोघंही शिक्षक. वीस वर्षांची बचत होती. अब्बांच्या वारशातला माझा हिस्साही त्यात होता. भावांनी तो न मागता दिला होता. अशा पैशाची जबाबदारी जास्त वाटते.

हिशेब असा मांडला. घर तेरा लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील मिळून पंच्याऐंशी हजार. (घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे, हे वाचक भगिनींनी लक्षात ठेवावं.) दुरुस्ती पाच लाख पासष्ट हजार, त्यात छपराचेच दोन लाख दहा हजार. एकूण साडेएकोणीस लाख. तळमजल्याचे दोन भाग करून प्रत्येकी साडेचार हजार भाडं. म्हणजे वर्षाला एक लाख आठ हजार.

आणि माडीवर एक खाला. वय बहात्तर, विधवा. १९८८ पासून त्याच घरात. भाडं महिना दीडशे रुपये. वर्षाचे अठराशे.

ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं, आधी वरची खोली रिकामी करून घ्या, मग खरेदीखत. जमिनीच्या व्यवहारातल्या एका ओळखीच्या माणसाने तर सोपा उपाय सुचवला. "मॅडम, कोर्टात जाऊ नका. खालचं सगळं दुरुस्त करा, फक्त छपराला हात लावू नका. दोन पावसाळे. म्हातारी आपोआप उतरेल." तो हे अगदी सहज, व्यवहाराची गोष्ट म्हणून बोलला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण हे वाक्य मी दुसऱ्या बाजूने ऐकलेलं होतं. माझे अब्बा जहाजावर खलाशी होते. मुंबईत डोंगरीला त्यांची पगडीची खोली होती, दहा बाय बारा, तिसरा मजला. १९७४ मध्ये जहाजाच्या दोन सफरींची कमाई त्यांनी पगडी म्हणून मोजली. पावती अर्थातच नाही. महिन्याचं भाडं अडतीस रुपये. माझ्या लहानपणी त्या इमारतीच्या जिन्याला सागाचे टेकू लावलेले होते. शाळेच्या सुट्टीत आम्ही तिथे गेलो की अम्मी बजावायची, जिन्यावर धावायचं नाही. मालक आला की अब्बा म्हणायचे, "हा आमच्या मरणाची वाट बघतोय." मालक म्हणायचा, "चोवीस खोल्यांचं भाडं गोळा केलं तरी जिन्याला चुना लावण्याइतकं होत नाही." मला तेव्हा मालक खोटारडा वाटायचा. आज हिशेब करते तेव्हा कळतं, दोघंही खरं बोलत होते. आता मी मालकीण होणार होते.

दुसरा प्रश्न आपल्या लोकांच्या मनात नेहमी असतो, तो मोकळेपणाने बोलू. आपल्यातले अनेक नोकरदार बचत बँकेच्या मुदत ठेवीत ठेवत नाहीत. व्याज नको म्हणून. मग पैसा जातो सोन्यात नाहीतर घरात. भाडं हलाल आणि व्याज हराम, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण का? दोन्हींत एकाचा पैसा गुंततो आणि दुसरा दर महिन्याला ठरलेली रक्कम देतो. फरक कुठे आहे?

फिकहच्या जाणकारांनी याचं उत्तर एका छोट्या सूत्रात दिलेलं आहे. हे सूत्र हदीसवर आधारलेलं आहे. 'अल-खराजु बिज्जमान', म्हणजे ज्याच्या अंगावर नुकसान, त्याच्याच पदरात उत्पन्न. सावकाराचं कर्ज बुडत नाही, घर जळालं तरी ऋणको देणं लागतोच. घरमालकाचं तसं नाही. घर पडलं तर ते त्याचं पडलं. घर राहण्याजोगं उरलं नाही तर भाडंही थांबलं. हे नुकसान अंगावर घेतो म्हणून त्याला भाडं घेण्याचा हक्क. उस्मानी राज्याने १८६९ ते १८७६ या काळात आपला दिवाणी कायदा कलमवार लिहून काढला, तो 'मजल्ला'. त्यात हे सूत्र तर आहेच, शिवाय घराच्या उपयोगात अडथळा येईल अशी दुरुस्ती मालकाने करायची आणि तो करत नसेल तर भाडेकरूला घर सोडून जाता येतं, असंही स्पष्ट लिहिलं आहे. मजल्ला हनफी मताचा, आम्ही कोकणी शाफई. पण मूळ तत्त्वावर मतभेद नाही.

म्हणजे छपराला हात न लावता भाडं घेत राहायचं हा 'व्यवहार' जर मी केला, तर माझ्या भाड्यात आणि मी टाळत असलेल्या व्याजात फरक काय उरला? हा प्रश्न मनात घेऊन मी जुना इतिहास चाळू लागले.

भाड्याच्या मालमत्तेचा आपल्याकडचा सर्वांत मोठा अनुभव वक्फचा आहे. वक्फ म्हणजे मूळ मालमत्ता कायमची बांधून ठेवायची, ती विकायची नाही, वारशात वाटायची नाही, फक्त तिचं उत्पन्न सत्कार्याला लावायचं. हजरत उमर यांनी खैबरची जमीन अशी दिली, ते याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. जमिनीचा वक्फ सोपा असतो, कारण जमीन पडत नाही. पुढे शहरं वाढली तसे दुकानांचे, घरांचे, हमामांचे वक्फ होऊ लागले आणि दुरुस्तीचा प्रश्न उभा राहिला. हनफी फकीहांनी त्यावर पक्का नियम केला. वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च इमारतीच्या डागडुजीचा. वक्फ करणाऱ्याने तसं लिहिलेलं नसलं तरीही. इमाम, मदरशाचे विद्यार्थी, गरीब, सगळे त्यानंतर. झाडच वाळलं तर फळं कुठली, असा साधा विचार त्यामागे आहे. वक्फचं घर एका वर्षापेक्षा जास्त मुदतीने आणि शेतजमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देऊ नये, असाही नियम होता. फार काळ एकाच्याच ताब्यात राहिली तर वस्तू त्याचीच होऊन बसते, ही भीती.

कागदावर नियम चांगले. त्यांची परीक्षा झाली इस्तंबूलमध्ये. १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर सुलतान मुहम्मद फातिह यांनी तिथे बेदेस्तान म्हणजे दगडी बंदिस्त बाजार बांधला आणि त्याचं भाडं आयासोफियाच्या वक्फला लावलं. पुढच्या सुलतानांनी, बेगमांनी, वजिरांनी शेकडो वक्फ केले. शहरातली कितीतरी घरं आणि दुकानं अशी वक्फची होती आणि लोक त्यात भाड्याने राहत. दगडी बाजार टिकला, पण सामान्य घरं लाकडाची होती. आगी लागत आणि मोहल्लेच्या मोहल्ले जात. १६६० च्या आगीत शहराचा फार मोठा भाग भस्मसात झाला.

आता मुतवल्ली, म्हणजे वक्फचा व्यवस्थापक, अडचणीत आला. जागा आहे, घर नाही. घर नाही म्हणून भाडं नाही. भाडं नाही म्हणून बांधायला पैसा नाही. वक्फ विकता येत नाही. यातून सोळाव्या-सतराव्या शतकात एक तोडगा रुजला, त्याचं नाव 'इजारतैन', अर्थात दोन भाडी. नवा भाडेकरू सुरुवातीलाच मोठी रक्कम द्यायचा, जवळजवळ मालमत्तेच्या किमतीइतकी. त्या पैशातून घर बांधायचं. त्यानंतर तो दर वर्षी छोटंसं, ठरलेलं भाडं देत राहायचा. बदल्यात त्याला घरात कायमचा राहण्याचा हक्क. मुतवल्लीच्या परवानगीने तो हक्क दुसऱ्याला देता येई आणि मृत्यूनंतर मुलांकडे जाई. मुलगा आणि मुलगी यांना तो हक्क सारखा मिळे, हेही नोंदवण्याजोगं.

या दोन भाड्यांची नावं वाचताना माझ्यातली उर्दूची शिक्षिका जागी झाली. पहिलं 'मुअज्जल', दुसरं 'मुवज्जल'. आपल्या निकाहनाम्यात महराचे जे दोन प्रकार लिहितात, तेच हे शब्द. पहिला 'ऐन'चा. 'उजलत'शी त्याचं नातं, म्हणजे लगेच द्यायचा. दुसरा 'हमजा'चा. 'अजल' म्हणजे मुदत, म्हणून सवडीने द्यायचा. वर्गात मुलं या दोन शब्दांत हमखास घोटाळा करतात. इस्तंबूलच्या वक्फांनीही, एका अर्थी, तोच घोटाळा केला.

पहिलं भाडं हातात आलं, घर उभं राहिलं, सगळे खूश. पण दुसरं भाडं ठरलेलं होतं आणि पैशाची किंमत ठरलेली नसते. उस्मानी चांदीचं नाणं, अकचे, घसरत गेलं. पन्नास-शंभर वर्षांनी वार्षिक भाडं नावापुरतं उरलं. पुन्हा आग लागली की मुतवल्लीच्या हातात काहीच नाही, कारण पुढच्या कित्येक वर्षांचं भाडं पहिल्या दिवशीच घेऊन खर्च झालेलं. मूळ उद्देश दुरुस्तीचा होता, आणि त्याच व्यवस्थेत पुढच्या दुरुस्तीची सोय नव्हती. शेवटी १९३५ मध्ये तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकाने कायदा करून ही दोन भाड्यांची पद्धत गुंडाळली. वार्षिक भाड्याच्या वीस पट रक्कम भरा आणि मालक व्हा. नावापुरत्या भाड्याची वीस पट म्हणजे तीही नावापुरतीच.

हे वाचल्यावर मला डोंगरीची खोली आठवणं अपरिहार्य होतं. सुरुवातीला मोठी रक्कम, मग किरकोळ भाडं, कायमचा ताबा, मालकाच्या संमतीने हस्तांतर. ही पगडीच की! एकाने दुसऱ्याकडून शिकल्याचं मी म्हणत नाही. सारख्या अडचणीतून सारखी वाट निघाली, इतकंच. शब्दही बघा. आपल्याकडे या रकमेला डोक्यावरची पगडी म्हणतात. कोलकात्याकडे सलामी. इराणात 'सरकुफली', त्यात कुफल म्हणजे कुलूप. कैरोत 'खुलू रिज्ल', म्हणजे पाय मोकळा करण्याचे पैसे. पगडी, सलाम, कुलूप, पाय. शब्द वेगळे, पण गोष्ट एकच.

मुंबईची कथा मात्र आगीपासून नाही, प्लेगपासून सुरू होते. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. दाटीवाटीच्या चाळींवर बोट ठेवलं गेलं आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. आजचा महंमद अली रोड त्यातलाच, तेव्हाचा सिडनहॅम रोड. जुन्या खोल्या गेल्या, माणसं मात्र वाढतच होती. गिरण्या, गोदी, जहाजं. कोकणातून येणारा माणूस गावच्या जमातीच्या खोलीत वळकटी टाकायचा. मेमन, खोजा, बोहरा, कोकणी, भाटिया, पारशी, सगळ्या समाजांतल्या पैसेवाल्यांनी चाळी बांधल्या. तेव्हा शहरात चाळ असणं ही पिढ्यान्पिढ्यांची बेगमी समजली जायची.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ मध्ये पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. तो तात्पुरता होता आणि विसाव्या दशकाच्या अखेरीस संपला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर नियंत्रण परत आलं आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण मानलं. हाही कायदा तात्पुरताच होता. त्याची मुदत वाढत वाढत पन्नास वर्षं झाली.

या कायद्याला एकतर्फी शिव्या देणाऱ्यांत मी नाही. त्याच्यामुळेच माझ्या अब्बांसारखे हजारो खलाशी, हमाल, गिरणी कामगार आणि फाळणीनंतर आलेले निर्वासित शहरात टिकले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला गेली, पण डोंगरी-भेंडीबाजारातले पगडीवाले बऱ्याच अंशी जागेवर राहिले, कारण त्यांना उठवणं सोपं नव्हतं. बी.एड.च्या वर्षी मी परगावात खोली शोधत होते तेव्हा नाव सांगितल्यावर तीन ठिकाणी 'कालच गेली' असं ऐकलं. ज्याच्या हातात किल्ली असते त्याची ताकद मला तेव्हा कळली. भाडेकरूला संरक्षण हवंच.

पण कायद्याने एक हात बांधला आणि दुसरा मोकळा सोडला. इमारत राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं कर्तव्य, असं त्या कायद्यात होतं. भाडं मात्र १९४० चं. पगडी घेणं हा गुन्हा होता, म्हणून ती बिनपावतीची झाली आणि मालकाच्या खिशात गेली. इस्तंबूलचा मुतवल्ली पहिल्या भाड्यातून निदान घर तरी बांधायचा. आमच्या मालकाला अब्बांकडून पगडी मिळाली, त्यातला एक रुपयाही जिन्याला लागला नाही. भाडेकरूही म्हणायचा, इमारत तुझी, दुरुस्ती तू कर. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि पाऊस दर वर्षी वेळेवर येत राहिला.

साठच्या दशकात इमारती कोसळण्याचं प्रमाण इतकं वाढलं की १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ काढावं लागलं. घरपट्टीबरोबर दुरुस्तीचा उपकर सुरू झाला. शहर भागात अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती नोंदल्या गेल्या. त्यातल्या बहुसंख्य १९४० च्या आधीच्या. मालक आणि भाडेकरू यांच्यात जी शाकारणी राहिली ती आता सरकारने करायची. टेकू लागले, काही इमारती वाचल्या, पण एवढा भार कोणत्याच मंडळाला पेलणारा नव्हता. १९८६ मध्ये आणखी एक वाट काढली. सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन इमारत त्यांच्याकडे द्यायची. शंभर महिने म्हणजे आठ वर्षं चार महिने. तुर्कस्तानने निदान वीस वर्षांचं भाडं मोजलं होतं!

मालक कोर्टात गेले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाडं इतकी वर्षं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही असं सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाड्यात दर वर्षी चार टक्के वाढ मान्य झाली आणि पगडीही कायदेशीर झाली. पण चार टक्के कशावर? अडतीस रुपयांवर. अब्बांच्या खोलीचं भाडं पहिल्या वर्षी दीड रुपयाने वाढलं. तोवर फार उशीर झाला होता. ३१ ऑगस्ट २०१७ ला सकाळी भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची जुनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत पुन्हा तेच. टीव्हीवर तो ढिगारा बघताना मला आमचा जिना दिसत होता. आमची इमारत त्याच्या आधीच रिकामी केली गेली होती, म्हणून मी हे लिहिते आहे.

आणि हा फक्त खासगी मालकांचा दोष म्हणून आपण सुटू शकत नाही. आपल्या किती गावांत मशिदीच्या गाळ्यांचं भाडं चहाच्या बिलापेक्षा कमी आहे आणि मशिदीच्या गळतीसाठी जुम्म्याला झोळी फिरते! २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आकडे आहेत. देशात नोंदलेल्या वक्फ मालमत्ता ४.९ लाख, वर्षाचं उत्पन्न सुमारे १६३ कोटी. पुस्तकी किमतीवरसुद्धा हे २.७ टक्के होतं. बाजारभावाने त्यांची किंमत समितीने १.२ लाख कोटी धरली आणि दहा टक्के परतावा मिळाला तर वर्षाला बारा हजार कोटी येतील असं म्हटलं. गाळा वापरणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. नमाजेला पहिल्या सफेत उभा राहतो आणि भाडं पन्नास रुपये देतो. पहिला खर्च डागडुजीचा, हा नियम आपण पुस्तकात ठेवला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच आठवड्यात दोन निकाल आले. ५ तारखेला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, त्याच मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींच्या खटल्यातून निघालेल्या प्रश्नावर, बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती धरता येणार नाही. ९ तारखेला इजिप्तच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने जुन्या घरांचं भाडं कायमचं गोठवणारी तरतूद घटनाबाह्य ठरवली. मुंबई आणि कैरो, दोन्हीकडे मालकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हाताऱ्या भाडेकरूंच्या पोटात गोळा आला. मला दोन्ही कळत होतं, कारण तोवर मी दोन्ही झाले होते.

हो, घर आम्ही घेतलं, खालासकट. खरेदीच्या आधी मी माडीवर गेले तेव्हा त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "बाय, घर तू घे. पण मला खाली उतरवू नको." मग त्यांचा मुलगा मुंबईहून आला. समजूतदार माणूस. त्याने प्रस्ताव मांडला की छपरासाठी आम्ही दीड लाख देतो, तुम्ही अम्मीला आणि आम्हाला याच भाड्यावर कायमचं राहण्याचं लिहून द्या. मोह मोठा होता. आमचे पैसे दुरुस्तीत संपत आले होते. दीड लाखात छपराचं बरंचसं भागलं असतं. पण मला समोर इस्तंबूल दिसत होतं. मुअज्जल घेऊन आजचं छप्पर होईल. वीस वर्षांनी पुन्हा वासे कुजतील तेव्हा दीडशे रुपयांच्या मुवज्जलमधून काय करणार?

मी नाही म्हटलं. मग तिघांनी बसून दुसरा मार्ग काढला. एकरकमी काही नाही. भाडं दीडशेवरून सातशे, दर वर्षी चार टक्के वाढ. छप्पर, भिंती, जिना, पाण्याची लाइन माझ्याकडे. आतला रंग आणि दिवे त्यांच्याकडे. आणि कराराच्या कागदावर मी हट्टाने एक ओळ घातली. सगळ्या घराच्या वर्षाच्या भाड्यातून दोन महिन्यांचं भाडं शाकारणीसाठी वेगळं ठेवायचं, त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही. वकील हसले. म्हणाले, मालक स्वतःवर असली अट घालून घेत नाही. मुलाने विचारलं, "अम्मीनंतर काय?" मी म्हटलं, तेव्हा पुन्हा बसू. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

दुरुस्ती सहा लाखांच्या वर गेली. ज्यांना पुराच्या गावात जुनं घर घ्यायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. कौलं उतरवल्याशिवाय वाशांचा अंदाज येत नाही, म्हणून गवंड्याच्या आधी सुताराला नेऊन दाखवा. जांभ्याच्या भिंतींतली ओल पूर्ण सुकल्याशिवाय गिलावा करू नका, आम्ही एका खोलीत घाई केली आणि तो पुन्हा सुटला. विजेचा मीटर आणि बटणं पुराच्या रेघेच्या वर घ्या. तळमजल्यात लाकडी कपाटांऐवजी कडप्प्याचे कप्पे करा. आणि ती रेघ एका भिंतीवर तरी राहू द्या. आम्ही ठेवली आहे. भाड्याने राहायला येणाऱ्याला ती दाखवूनच आम्ही अकरा महिन्यांचा करार करतो. एकदा ती बघून एक कुटुंब परत गेलं आणि जागा तीन महिने रिकामी पडली. तरी दाखवतो. घराचा दोष लपवून भाडं घेणं मला पटत नाही.

नफा? शाकारणीचा पैसा, घरपट्टी आणि रिकामे महिने वजा जाता हाती चार टक्क्यांच्या आसपास येतात. मुदत ठेवीने यापेक्षा जास्त दिलं असतं. मिस्टर कधीकधी चिडवतात, "तुझा वक्फ कसा चाललाय?" गुंतवणूक म्हणून कोणी मला हुशार म्हणणार नाही. पण या चार टक्क्यांचा हिशेब मी कुठेही देऊ शकते.

यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुतार आला. चौदा कौलं आणि एक रीप बदलली. दोन हजार सातशे रुपये झाले. खाला माडीच्या खिडकीत बसून मोजत होत्या. पंधरावं कौल तडकलेलं आहे म्हणून त्यांनी सुताराला पुन्हा वर चढवलं.